कोरड्या तलावातलं पथक

“आजपासून या प्रांतात काळ मोजण्याची पद्धत बदलणार आहे,” असं जाहीर करून मेजरांनी शिट्टी ओठांत धरली, पाठ ताठ केली आणि तलावाच्या उथळ बाजूच्या पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला.

“चपला काढा,” वरून रखवालदार म्हणाला. “तलावात चपला चालत नाहीत.”

तलावात पाणी नव्हतं. तळाला तडा गेल्यापासून तीन वर्षं नव्हतं. पण भिंतीवर नियमांचा फलक होता, आणि जोवर फलक आहे तोवर तलाव आहे, असं रखवालदाराचं साधं मत होतं. पाणी काय, येतं आणि जातं. मेजरांनी शिट्टी तोंडातून काढली, वाकून चपला काढल्या, आणि काळ मोजण्याची पद्धत बदलायला ते अनवाणी खाली उतरले. त्यांच्यामागून सात जण उतरले. सातांपैकी एकालाच ड्रम गळ्यात अडकवता येत होता, आणि तोही उलटा.

या भागात कोणी ड्रमपथक पाहिलेलं नव्हतं. सर्वांत जवळचं पथक आगगाडीने एका दिवसाच्या अंतरावर, मेजर ज्या शहरातून आले त्या शहरात होतं. इथे रस्त्यात ड्रम वाजला तर लोक खिडकी उघडून काय विकायला आलंय ते बघत. मेजर निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आले आणि महिनाभरात त्यांच्या लक्षात आलं, की या गावात सगळं आहे, दोन पूल आहेत, घड्याळाचा मनोरा आहे, दाताचे चार डॉक्टर आहेत, फक्त ताल नाही. मनोऱ्यातलं घड्याळसुद्धा मनाला येईल तेव्हा वाजे, आणि लोक ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

पथकाच्या कल्पनेला गावाने मनापासून पाठिंबा दिला. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, “अवश्य काढा, फक्त शाळेजवळ नको.” लोकरीच्या गोदामाचा मालक म्हणाला, “फारच चांगली कल्पना. नदीच्या पलीकडे.” जावयाने आपलं गॅरेज दिलं, आणि दोन दिवसांनी, कोणाचं मन दुखावणार नाही अशा बेताने, गाडी हळूच परत आत आणून ठेवली. शेवटी उरला तो गावाबाहेरचा हा बंद तलाव. वर काचेचं छत, खाली निळ्या फरशा, आणि उन्हं तिरपी झाली की त्या फरशांवर पाण्यासारखंच काहीतरी हलायचं. पहिल्या दिवशी पथकात आलेल्या दाताच्या एका डॉक्टरांनी पायरीवरून उतरताना नकळत श्वास रोखून धरला होता. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण सगळ्यांनीच धरला होता.

आता मेजरांविषयी. ते मेजर नव्हते.

गावात आल्या-आल्या त्यांनी आपल्या पथकाचा जुना लाल कोट धुवायला टाकला होता. खांद्यावर सोनेरी दोऱ्या, छातीवर दुहेरी बटणं. लाँड्रीवाल्या बाईंनी तो दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरला.

“मेजर होतात का हो तुम्ही?”

“हो, म्हणजे…”

पण बाई तोवर आतल्या वाफेत शिरल्या होत्या, आणि ‘म्हणजे’च्या पुढचं वाक्य काउंटरवर तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी कोट परत मिळाला तेव्हा कॉलरला टाचलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : ‘मेजर, एक नग.’ संध्याकाळपर्यंत बसचा ड्रायव्हर त्यांना बघून हॉर्न वाजवायला लागला. माणूस किती जणांना थांबवून सांगणार?

खरं म्हणजे ते एकतीस वर्षं पथकाच्या शेवटच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यात उभं राहून झांजा वाजवत होते. वाजवत होते म्हणजे मुख्यतः वाजवत नव्हते. त्रेसष्ट मात्रा गप्प उभं राहायचं, चौसष्टाव्या मात्रेला दोन मोठ्या पितळी थाळ्या एकमेकींवर एकदा आपटायच्या, आणि पुन्हा एकपासून मोजायला लागायचं. अख्ख्या वादनात नऊ वेळा. बाकीचा वेळ समोरच्यांच्या पाठी बघण्यात जाई. निरोपाच्या दिवशी पथकाने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि त्यांनी, कोणाला न विचारता, एक झांज घेतली. एकच, कारण पिशवीत दोन मावत नव्हत्या. ती आता लेकीकडच्या कपाटात, स्वेटरांच्या खाली, पथकाच्याच निळ्या काठाच्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेली होती.

हे एकट्या लेकीला ठाऊक होतं.

“बाबा, सांगून टाका ना त्यांना,” ती म्हणाली. ती ओट्याशी उभी राहून भांडी पुसत होती.

“काय सांगू?”

“की तुम्ही झांजा वाजवायचात. ड्रमला कधी हात लावला नव्हतात.”

“विचारलं का कोणी?”

“नाही विचारलं.”

“मग न विचारता सांगणं बरं दिसत नाही,” मेजर म्हणाले, आणि तिच्या हातातलं झाकण घेऊन पुसायला लागले. पुसून झाल्यावर त्यांनी ते जरा उजेडाकडे तिरपं धरलं. लेकीने ते हळूच काढून घेतलं.

ड्रम शिकवायचा कसा, हे त्यांना येत नव्हतं. पण ड्रम वाजवणाऱ्याची पाठ कशी दिसते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. एकतीस वर्षं दुसरं काही बघितलं नव्हतं. खांद्याची पाती कुठे वर येतात, कोपर केव्हा सुटतं, ठोका पडायच्या आधी मान किती थांबते, सगळं पाठ. तेव्हा जगातले इतर पथकप्रमुख समोर उभं राहून शिकवतात, तसं त्यांनी केलं नाही. ते मागे उभे राहिले.

“डावा खांदा खोटं बोलतोय,” ते मागून म्हणत. “त्याला सांगा, घाई नाही.”

पथकाला वाटलं, ही नवी पद्धत असणार. दाताच्या डॉक्टरांनी तर त्यावर एका मासिकात वाचल्याचंही सांगितलं. डॉक्टर ड्रमची कामं बघत. एका बंद पडलेल्या शाळेच्या माळ्यावरून आणलेले जुने ड्रम होते ते, कातडी सैल, खिळे गंजलेले. डॉक्टर गुडघ्यावर बसून एकेक स्क्रू आवळत आणि सवयीने म्हणत, “आता थोडं दाबल्यासारखं वाटेल.”

हळूहळू सातांचे अकरा झाले. पथकांच्या महासंघाच्या नियमाने अकराच लागत. बसचा ड्रायव्हर आला, कारण त्याला गाडीत बसून बसून पाय आहेत याचा विसर पडत चालला होता. शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी आल्या. एका दुकानात समोरासमोर मशीन टाकून त्या नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि दोघींनी एकमेकींपासून लपवून नाव नोंदवलं होतं. तलावाच्या पायरीवर गाठ पडली तेव्हा थोरली छताकडे बघायला लागली आणि धाकटी तळाकडे. पथकाचे कोट त्यांनीच शिवले. थोरलीने डाव्या बाजू शिवल्या, धाकटीने उजव्या. कोटांकडे समोरून बघितलं की ते किंचित मान कलती केल्यासारखे दिसत. अकरावा माणूस बराच काळ मिळेना. शेवटी रखवालदारच मोठा ड्रम गळ्यात घालून उभा राहिला.

“नुसतं उभं राहायचं तर उगाच का,” तो म्हणाला. “पण फलकावरचे नियम सगळ्यांना लागू. मलासुद्धा.”

त्यामुळे पथकाच्या शिस्तीत काही गोष्टी आपोआप आल्या. ‘तलावात धावू नये’, म्हणून ते सावकाश चालत. उथळ टोकाकडून खोल टोकाकडे तळ उतरत जाई, म्हणून मध्यावर आलं की तोल सावरायला सगळे एकदम जरासे मागे रेलत. वरून बघणाऱ्याला वाटावं, ही माणसं एकेक करून पाण्यात उतरताहेत आणि कोणालाच त्याचं काही वाटत नाही. आधी गुडघे जात, मग ड्रम, मग टोप्या.

आणि प्रतिध्वनी. काचेच्या छताखाली एक ठोका टाकला की तो भिंतीवर जायचा, छतावर जायचा, खोल टोकाला जाऊन तिथे काहीतरी चौकशी केल्यासारखा रेंगाळायचा आणि मग परत यायचा. त्याच्यावरच पुढचा ठोका टाकला तर सगळ्याची खिचडी व्हायची. मेजरांना बाकी काही येत नसलं तरी थांबता येत होतं.

“उत्तर येऊ दे,” ते म्हणाले. “आपण बोललो, आता तलाव बोलेल. त्याचं झालं की मग आपण.”

तेव्हापासून दर आठ मात्रांनंतर अकरा काठ्या हवेत थांबत. खांदे स्थिर. तलाव आपलं म्हणणं मांडून घेई, शेवटचा आवाज कोपऱ्यातल्या गोल खिडकीशी विरून जाई, आणि मग अकराही जण, कोणी खूण न करता, एकदम पुढचा ठोका टाकत. मेजर मागे उभे राहून ते बघत तेव्हा त्यांचे तळहात नकळत एकमेकांसमोर येत, वीतभर अंतर ठेवून.

वसंताच्या सुरुवातीला पत्र आलं. नव्या पथकाला स्पर्धेत उतरायचं तर आधी महासंघाची मान्यता लागे, आणि त्यासाठी एक परीक्षक येऊन मोकळ्या मैदानावर वादन बघणार होता. वादन किमान सहा मिनिटांचं हवं. या खेपेला जमलं नाही तर पुढची संधी तीन वर्षांनी. खाली परीक्षकाचं नाव होतं.

मेजरांनी पत्र खोल टोकाला जाऊन वाचलं. परीक्षक म्हणजे त्यांच्या जुन्या पथकाचे प्रमुख. सगळे त्यांना अण्णा म्हणत. एकतीस वर्षं अण्णा पहिल्या ओळीच्या पुढे होते आणि मेजर शेवटच्या ओळीच्या कोपऱ्यात, आणि अण्णांना प्रत्येकाचं काम नेमकं ठाऊक होतं.

“काही वाईट आहे का?” लाँड्रीवाल्या बाईंनी विचारलं. त्या पहिल्या ओळीत छोटा ड्रम वाजवत. पथकातला सर्वांत स्वच्छ ठोका त्यांचा होता.

“नाही. परीक्षक ओळखीचे आहेत.”

“मग तर बरंच झालं.” त्यांनी काठ्या कमरेच्या पट्ट्यात खोचल्या. “मान्यता मिळाली की स्पर्धेला आगगाडीने जावं लागेल ना? मी कधी या गावाच्या बाहेर गेलेच नाही हो. मी धुतलेले कपडे कुठे कुठे जाऊन आलेत. मीच तेवढी राहिले.”

मेजरांनी पत्राची आणखी एक घडी घातली. आता त्याची आणखी घडी होण्यासारखी नव्हती.

त्या दिवशी त्यांनी वादन घड्याळ लावून मोजलं. सहा मिनिटं बावीस सेकंद. ते निश्चिंत झाले.

परीक्षेच्या सकाळी मैदानावर पातळ धुकं होतं. लेक आणि जावई पुढच्या खुर्च्यांवर येऊन बसले होते, गावातलं बरंच माणूस आलं होतं, मुख्याध्यापिका तर सगळ्यांत पुढे. पथक अजून बसमधून उतरत होतं. मेजर एकटेच मैदानाच्या मधोमध गेले आणि जागेचा अंदाज घ्यायला त्यांनी एक टाळी वाजवली.

टाळी गेली. परत आली नाही.

मैदानाला भिंत नव्हती. छत नव्हतं. लांब झाडांची एक रांग होती, पण तिला कशात पडायचं नव्हतं. मेजरांच्या मनात हिशेब आपोआप झाला. चार मिनिटांचं वादन त्यांनी बसवलं होतं. उरलेली दोन मिनिटं बावीस सेकंद तलावाची होती. आणि तलाव आणायचा राहिला होता.

ते वळले तोवर पथक मैदानाच्या कडेला आलं होतं, आणि अण्णा आपल्या खुर्चीत बसले होते, मांडीवर वही, हातात वेळ मोजायचं घड्याळ. केस पिकले होते. नजर तीच होती. ती मेजरांच्या लाल कोटावर आली, खांद्यावरच्या दोऱ्यांवर थांबली, आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

पथकाला काही सांगायला आता वेळ नव्हता, आणि सांगणार तरी काय? मेजर आपल्या जागी, मागे, जाऊन उभे राहिले. पुढे बघतात तो मैदानाच्या कडेला अकरा माणसं खाली वाकली होती. त्यांनी बूट काढले, जोड्या नीट लावून एका ओळीत ठेवल्या, आणि ती ओल्या गवतात अनवाणी उतरली. उतरताना सगळ्यांनी एक श्वास रोखून धरला. खुर्च्यांमध्ये कोणीतरी खुदकन हसलं, मग गप्प झालं.

मेजरांनी खाली बघितलं आणि आपलेही बूट काढून ठेवले.

शिट्टी झाली. पहिल्या आठ मात्रा पडल्या. स्वच्छ, कोरड्या, एका जिवाने. आवाज वर गेला, धुक्यात शिरला आणि तिकडचाच झाला. मेजरांनी डोळे मिटून घेतले. आता ते थांबणार नाहीत. थांबायला काही उरलंच नव्हतं.

शांतता.

त्यांनी डोळे उघडले. अकरा काठ्या हवेत होत्या. अकरा जोडी खांदे स्थिर होते. कोणी इकडेतिकडे बघत नव्हतं, कोणी गोंधळलेलं नव्हतं. ते ऐकत होते. डॉक्टरांची मान जरा डावीकडे झुकली, तलावातली गोल खिडकी त्या बाजूला होती म्हणून. लाँड्रीवाल्या बाईंच्या पाठीवर आवाज सरकत गेलेला मेजरांना स्पष्ट दिसला, भिंतीपाशी, छताशी, खोल टोकाशी, आणि मग कुठूनतरी क्लोरीनचा अगदी जुना, पुसट वास आला. शेवटचा आवाज विरला. अकराही जणांनी एकदम पुढचा ठोका टाकला.

खुर्च्यांमधली कुजबुज थांबली.

असं होत गेलं. आठ मात्रा वाजत आणि मग कोणालाही न दिसणारं काहीतरी सावकाश परत येई, आणि सगळं मैदान त्याची वाट बघत बसे. मध्यावर आल्यावर पथक नेहमीप्रमाणे एकदम मागे रेललं आणि सपाट जमिनीवरून उतरायला लागलं. गवताची पाती घोट्याला लागत होती, पण चाल गुडघाभर पाण्यातली होती, मग छातीभर. पुढच्या रांगेत मुख्याध्यापिकांनी हनुवटी जरा वर उचलली. मग शेजारच्याने उचलली. थोड्या वेळाने सगळ्या खुर्च्या हनुवट्या वर करून बसल्या होत्या. जावयाने पाय वर घेतले. थोरली बहीण डाव्या टोकाला होती आणि धाकटी उजव्या, आणि दोघींच्या काठ्या एकमेकींकडे न बघता एकाच क्षणी वर होत्या, एकाच क्षणी खाली.

मेजर मोजत होते. बासष्ट. त्रेसष्ट. त्यांचे रिकामे तळहात समोरासमोर आले. चौसष्ट. ते मिटले नाहीत.

शेवटच्या ठोक्यानंतर पथक सर्वांत जास्त वेळ थांबलं. मग रखवालदाराने सुस्कारा सोडला आणि कळलं, की झालं.

टाळ्या जरा उशिरा आल्या, पण आल्या. अण्णा उठले. मैदानाच्या कडेला बुटांच्या ओळीपाशी येऊन ते क्षणभर घुटमळले, आणि वाकून त्यांनी आपलेही बूट काढले. ध्वनिक्षेपक मैदानाच्या मधे लावलेला होता. तिथवर ते अनवाणी चालत आले. मेजरांनी कोटाचं वरचं बटण सोडलं. काढायचाच झाला तर पटकन निघावा.

“वेळ,” अण्णा वहीत बघत म्हणाले, “सहा मिनिटं बावीस सेकंद. पथकाला मान्यता देण्यात येत आहे.” त्यांनी पान उलटलं. पलीकडचं पान कोरं होतं, हे मेजरांना तिथूनही दिसलं. “पथकाच्या मेजरांचं अभिनंदन.”

लाँड्रीवाल्या बाई खाली गवतातच बसल्या. ड्रायव्हरने जाऊन बसचा हॉर्न वाजवला. थोरली धाकटीला म्हणाली, “तुझी बाजू खांद्यात ओढतेय. शिवण सोडून देते मी उद्या,” आणि धाकटी म्हणाली, “दे.” त्यांच्या भोवतीची माणसं उगाचच दुसरीकडे बघायला लागली.

अण्णा मेजरांजवळ आले. दोघं थोडा वेळ पथकाकडे, म्हणजे त्यांच्या पाठींकडे, बघत उभे राहिले.

“मागे उभा राहून शिकवतोस?”

“सवय,” मेजर म्हणाले. मग म्हणाले, “अण्णा, मी त्यांना सांगितलेलं नाही. कोणी विचारलं नाही म्हणून…”

“मी तरी कुठे विचारलं.”

धुकं आता झाडांपर्यंत मागे गेलं होतं.

“तुझ्या जागी आम्ही अजून कोणाला घेतलं नाही,” अण्णा म्हणाले. “घेऊन करणार काय? एकच झांज राहिली. चौसष्टाव्या मात्रेला सगळे थांबतो, कोणी काही वाजवत नाही, आणि पुढे जातो. लोकांना वाटतं, मुद्दाम आहे. गेल्या वर्षी त्याबद्दल बक्षीस मिळालं.”

मेजरांचे कान कोटाच्या रंगाचे झाले. “कपाटात आहे,” ते म्हणाले. “नीट ठेवलीय. उद्याच पोस्टाने पाठवतो.”

“छे, छे. परत आली तर वाजवावी लागेल. राहू दे तुझ्याकडे.” अण्णा बुटांकडे चालायला लागले, चार पावलांवर थांबले आणि मागे वळले. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा अवघडला.

“फक्त तो निळ्या काठाचा टॉवेल तेवढा पाठव. आमच्यात एक कमी पडतो.”